नांव देणें व नांवें ठेवणें

घरांतील एखादें मूल चार मुलांसारखें नाहीं असें ध्यानांत येऊं लागलें म्हणजे त्या घरांत दोन प्रश्न उठतात. ह्याला झालें आहे तरी काय, हा पहिला. आणि हें कोणामुळें झालें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर मिळविण्यास दवाखाना, तज्ज्ञ, प्रवास, पैसा व धीर इतकें सर्व लागतें. दुसऱ्याचें उत्तर ओसरीवर बसल्या बसल्या मिळतें. सुनेच्या माहेरचें आहे. आईनें फार लाडावलें. बापानें धाक ठेविला नाहीं. गरोदरपणीं ग्रहण पाळलें नाहीं. हीं उत्तरें आमच्या गांवोगांवच्या मंडळ्यांतूनही ऐकूं येतात, आणि ज्यांनीं जुने समज टाकून दिले असें आपण मानतों त्यांच्याच तोंडून कधीं कधीं ऐकूं येतात. म्हणून ह्या विषयाचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही ज्या मुलांविषयीं बोलत आहों त्यांच्या स्थितीस इंग्रजींत ऑटिझम व मराठींत स्वमग्नता म्हणतात. कोणी तीन वर्षांचें झालें तरी बोलत नाहीं. कोणी बोलतें, पण तुम्हीं विचारलेला प्रश्नच तुम्हांस परत ऐकवितें. हांक मारली तर वळत नाहीं, आणि दूर कोठें पिठाची गिरणी सुरू झाली कीं कान झांकून रडूं लागतें. सायकलचें चाक तासन् तास फिरवील. पांढऱ्या भाताशिवाय दुसरें कांहीं तोंडांत घालणार नाहीं. शाळेचा रोजचा रस्ता एक दिवस बदलला तर भुईवर अंग टाकील. सर्व मुलांत हीं सर्व लक्षणें नसतात, आणि दोन मुलें अगदीं सारखीं तर सहसा नसतातच. ह्यांच्या जवळपासचीं दुसरींही मुलें आहेत: बुद्धि चांगली असून अक्षरास अक्षर जुळत नाहीं अशीं, आणि क्षणभर एका जागीं ठरत नाहींत अशीं.

स्वमग्न हा शब्द आम्हांस फारसा रुचत नाहीं. तो ऐकून असें वाटतें कीं मुलानें जणूं बुद्ध्या जगाकडे पाठ फिरविली आहे आणि तें साधूसारखें आपल्याच आनंदांत बुडालें आहे. मूळ यूरोपीय शब्दांतही हाच दोष आहे, कारण तोही 'स्वतः' ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडविलेला आहे. तथापि रूढ झालेला शब्द आमच्या नापसंतीनें जाणार नाहीं, म्हणून तोच येथें वापरतों.

पुष्कळ आईबाप तज्ज्ञाकडे जाण्यास कचरतात. एकदां नांव पडलें कीं तें जन्मभर चिकटेल, शाळा घेणार नाहीं, धाकट्या बहिणीचें लग्न जमणार नाहीं, असें त्यांस भय वाटतें. हें भय निराधार आहे असें कोणीं म्हणूं नये. जो म्हणतो त्यानें गांवांत दिवस काढलेले नाहींत. परंतु ह्या विचारांत एक गोष्ट सुटते. मूल बिननांवाचें कधीं राहतच नाहीं. तज्ज्ञानें नांव दिलें नाहीं तर तें गांव देतें, आणि गांवापाशीं असलेले शब्द ठरलेले आहेत: खुळा, वेडा, कोडगा, हट्टी, मुका. तेव्हां आईबापांपुढें नांव कीं बिननांव असा प्रश्न नसतो. कोणतें नांव, आणि तें कशासाठीं, एवढाच असतो. 'नांव देणें' व 'नांवें ठेवणें' हे दोन प्रयोग मराठींत शेजारीं शेजारीं राहतात, पण एकांत ओळख आहे व दुसऱ्यांत दोष आहे. वैद्यांनींही हे दोन प्रयोग एकमेकांत कालविले, आणि त्याची झळ शेंकडों घरांस लागली. तो वृत्तांत मुळापासून सांगण्यासारखा आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेस मिसिसिपी राज्यांत फॉरेस्ट म्हणून एक लहानसें गांव आहे. तेथील एका वकिलाच्या घरीं १९३३ सालीं डॉनल्ड ट्रिप्लेट हा मुलगा जन्मला. घर प्रेस्बिटेरियन मंडळीपैकीं होतें. अगदीं लहानपणींच तेविसावें स्तोत्र आणि प्रश्नोत्तरावलींतील पंचवीस प्रश्न व त्यांचीं उत्तरें मुलास तोंडपाठ झालीं होतीं. परंतु बाप कामावरून घरीं आला तरी हा मान वर करून पाहत नसे. भांड्यांचीं झांकणें जमिनीवर भिरभिर फिरविण्यांत त्याचा दिवस जाई. 'होय' म्हणावयास शिकविण्यासाठीं बापानें त्याला सांगितलें, होय म्हण म्हणजे खांद्यावर घेतों. तेव्हांपासून त्याच्या लेखीं 'होय' ह्या शब्दाचा अर्थ 'मला खांद्यावर घे' एवढाच झाला. आईनें एका पत्रांत आपल्या ह्या मुलास सुधारण्याची आशा नसलेला वेडा असें म्हटलें आहे. हें वाचून कोणीं तिला कठोर समजूं नये. तिच्या काळानें तिच्या हातीं दिलेला शब्दच तेवढा होता.

वैद्यांच्या सल्ल्यावरून १९३७ सालीं, मुलास चार वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं तेव्हां, आईबापांनीं त्याला एका संस्थेंत नेऊन ठेविलें. महिन्यांतून दोन वेळां भेटीची परवानगी होती. तेथें तो खंगत गेला आणि कशाकडेही लक्ष न देतां स्वस्थ बसून राहूं लागला. पुढल्या वर्षीं चालकांचा सल्ला न मानतां त्यांनीं त्याला घरीं आणिलें. मग बापानें मुलाची सर्व हकीकत ३३ पानें भरून लिहिली आणि मुलास बाल्टिमोर शहरीं डॉ. लिओ कॅनर ह्यांजकडे नेलें. डॉ. कॅनर हे बालमनाचे नांवाजलेले वैद्य. तरी त्यांनींही असें मूल पूर्वीं पाहिलें नव्हतें. पुढें तशींच आणखी मुलें त्यांच्याकडे आलीं, आणि १९४३ सालीं त्यांनीं अशा अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत पहिलें मूल डॉनल्ड होय. अशा रीतीनें ह्या स्थितीस वैद्यकांत नांव मिळालें.

त्या निबंधांत दोन गोष्टी होत्या. हीं मुलें जन्मतःच अशीं असावीं, ही एक. ह्यांच्या आईबापांत मायेचा ओलावा थोडाच दिसतो, ही दुसरी. जगानें पहिली विसरून दुसरी उचलली. स्वतः कॅनर ह्यांनींच १९४९ सालीं ह्या मुलांच्या घरांस शीतकपाटाची उपमा दिली, आणि त्यांतून 'शीतकपाट आई' हा प्रयोग निघाला. शिकागो येथील एका निवासी शाळेचे चालक ब्रूनो बेटलहाइम ह्यांनीं तर कळस केला. ते स्वतः वैद्य नव्हते; नाझींच्या छळछावण्यांतून सुटून आलेले होते, आणि ह्या मुलांची अवस्था त्यांनीं त्या छावण्यांतील कैद्यांशीं ताडून पाहिली. मूल नसतें तर बरें, ही आईबापांच्या पोटांतील इच्छाच रोगाचें मूळ, असें त्यांनीं आपल्या 'रिकामा किल्ला' ह्या अर्थाच्या नांवाच्या पुस्तकांत १९६७ सालीं लिहिलें. तेव्हां उपचार कोणता? मूल आईपासून दूर करणें. आधींच रात्र रात्र जागलेल्या आईला हें सांगण्यांत आलें कीं, बाई, हें तूं केलेंस. आमच्या ओसरीवरील म्हातारी जें म्हणते तेंच विद्यापीठांतून ऐकूं आलें.

त्याच वर्षीं 'वेढा' अशा अर्थाच्या नांवाचें दुसरें एक पुस्तक निघालें. तें क्लारा पार्क ह्या आईनें आपल्या मुलीविषयीं लिहिलेलें होतें. किल्ला रिकामा नाहीं, आंत कोणी आहे, आणि आम्ही घरचीं माणसें त्याच्या भोंवतीं वर्षानुवर्षें प्रेमानें वेढा देऊन बसलों आहों, असा त्यांतील भाव. त्यापूर्वींच १९६४ सालीं बर्नार्ड रिमलंड ह्या मानसशास्त्रज्ञानें, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, पुराव्यावर पुरावा मांडून दाखविलें होतें कीं दोष पालनाचा नसून घडणीचा आहे. डॉ. कॅनर १९६९ सालीं आईबापांच्या सभेपुढें उभे राहिले आणि त्यांनीं त्यांस दोषमुक्त केलें. पुढें १९७७ सालीं इंग्लंडांत सूझन फोल्स्टीन व मायकेल रटर ह्यांनीं जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या तपासल्या. हुबेहूब सारख्या ११ जोड्यांपैकीं ४ जोड्यांत दोन्ही मुलें स्वमग्न निघालीं. साध्या १० जोड्यांपैकीं एकींतही नाहीं. बीं कोठें आहे तें दिसून आलें.

तरी दोषाला राहावयास नवें घर लागतेंच. १९९८ सालीं लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकांत बारा मुलांच्या आधारावर असें सुचविण्यांत आलें कीं गोंवराच्या लशीशीं ह्याचा संबंध असावा. तो निबंध २०१० सालीं मागें घेण्यांत आला व त्याच्या मुख्य लेखकाचें नांव वैद्यांच्या पटावरून कमी झालें. पण 'मींच टोंचून आणिलें ना' हा कांटा कित्येक आयांच्या काळजांत राहिला तो राहिलाच. गोंवर मात्र खरोखर मुलें मारतो. म्हणून आमच्या वाचकांनीं ह्या भीतीनें लस टाळूं नये.

येथपर्यंत वाचून कोणास वाटेल कीं नांवापासून दूर राहिलेलेंच बरें. ह्याहूनही भयंकर एक उदाहरण आहे, तेंही सांगून टाकूं. व्हिएन्ना शहरीं डॉ. हान्स आस्पर्गर ह्यांनीं १९४४ सालीं अशाच मुलांचें वर्णन केलें, आणि पुढें कित्येक वर्षें त्यांचें नांव ह्या स्थितीच्या एका प्रकारास लावीत असत. २०१८ सालीं एका इतिहाससंशोधकानें जुने कागद उघडून दाखविलें कीं मेंदूच्या आजारानें मागें पडलेल्या एका तीन वर्षांच्याही नसलेल्या मुलीस त्यांनीं १९४१ सालीं अशा संस्थेंत पाठविलें, जेथें नाझी राजवटींत शेंकडों मुलांस मरण दिलें गेलें. ती मुलगी त्या संस्थेंतच मेली. कागदावर कारण असें होतें कीं घरीं पांच निरोगी मुलें असलेल्या आईवर हें असह्य ओझें आहे. आईची दया हें त्या कागदावरचें निमित्त होय! 

आतां ह्याच्याच पुढच्या वर्षाची, म्हणजे १९४२ सालची, दुसरी गोष्ट पाहा. नऊ वर्षांचा डॉनल्ड गांवापासून सुमारें दहा मैलांवर ल्यूइस नांवाच्या एका मूलबाळ नसलेल्या शेतकरी जोडप्याकडे राहावयास गेला. तीं दोघें विद्वान नव्हतीं. मुलास मापांचें वेड होतें, तेव्हां त्यांनीं त्याला विहीर खणावयास लाविलें व किती खोल गेली तें रोज सांगावयास लाविलें. तो मेलेले पक्षी व किडे गोळा करीत असे, तेव्हां त्याला मळ्यांत एक तुकडा जागा स्मशानासाठीं तोडून दिली. तेथें तो प्रत्येक थडग्यावर पाटी लावी: आधीं एक नांव, मग प्राण्याची जात, मग शेवटीं त्या शेतकऱ्याचें आडनांव. गोगलगायही त्या घराण्यांत सामील झाली! मक्याच्या ओळी तो पुनः पुनः मोजीत बसे. त्यांनीं त्याच्या हातीं घोडा व नांगर दिला आणि नांगरतां नांगरतां मोज म्हणून सांगितलें. डॉ. कॅनर १९४५ सालीं तेथें गेले तेव्हां त्यांनीं हें सर्व डोळ्यांनीं पाहिलें, आणि त्या जोडप्याच्या शहाणपणाचें त्यांस मोठें नवल वाटलें.

आमचा मुद्दा आहे तो हाच. त्यांनीं मुलाची खोड मोडली नाहीं आणि तिला मोकाटही सोडिलें नाहीं. तिच्या पुढें काम ठेविलें. नांव जें सांगतें तें एवढेंच कीं ह्या मुलास आवाज सोसत नाहीं, ह्याला बदल झेंपत नाहीं, हें मारानें सुधारणार नाहीं, ह्याच्याशीं थोडक्या व स्पष्ट शब्दांत बोला. तें कळणें थोडें नव्हे. जो बाप हट्ट समजून छडी उगारीत होता त्याचा हात तेथेंच थांबतो. परंतु मुलानें कोठें राहावें, कोणाजवळ झोंपावें, दिवसभर काय करावें, हें नांवांत लिहिलेलें नसतें. तें घर ठरवितें व गांव ठरवितें. डॉ. कॅनर ह्यांनीं १९७१ सालीं आपल्या त्या अकरा मुलांचा पुनः शोध घेतला, तेव्हां सरकारी वेड्यांच्या इस्पितळांत गेलेलीं मुलें होतें तेंही गमावून बसलेलीं त्यांस आढळलीं. डॉनल्ड मात्र कॉलेजांतून पदवी घेऊन गांवच्या पेढींत काम करीत होता. नांव सर्वांस एकच मिळालें होतें. अर्थात् मुलें मुळांत सारख्याच क्षमतेचीं नव्हतीं, आणि डॉनल्डच्या आजोळचीच ती पेढी होती, हेंही लपवूं नये. गरिबाच्या मुलास इतकें सोपें जात नाहीं.

हल्लीं एक पक्ष म्हणतो कीं ह्यास रोग म्हणूंच नये. उंची जशी सर्वांची एक नसते तशी मेंदूची घडण एक नसते. न्यूरोडायव्हर्सिटी म्हणजे मेंदूंची विविधता हा शब्द १९९८ च्या सुमारास पुढें आला, आणि जूडी सिंगर ह्या ऑस्ट्रेलियांतील बाईंचें नांव त्याशीं जोडलेलें आहे. आपली आई व आपली मुलगी ह्यांच्याकडे पाहून त्यांस हा विचार सुचला. त्यापूर्वीं १९९३ सालीं जिम सिंक्लेअर ह्या स्वतः स्वमग्न असलेल्या व्यक्तीनें टोरॉन्टो येथें आईबापांस सांगितलें कीं आमच्यासाठीं शोक करूं नका. तुम्ही ज्याची वाट पाहिली तें मूल आलें नाहीं, त्याचें दुःख खरें आहे. पण जें आलें तें समोर उभें आहे, त्याच्याकडे पाहा. हें भाषण आईबापांस बोचतें, आणि तरी त्यांनीं तें ऐकावें असें आम्हांस वाटतें.

तथापि हा पक्षही आम्ही सर्वस्वीं घेऊं शकत नाहीं. ज्या आईचा मुलगा वीस वर्षांचा होऊनही एक शब्द बोलत नाहीं, मनगटाला चावे घेतो, ज्याला तिला स्वतः न्हाऊं घालावें लागतें, तिला 'ही केवळ विविधता' असें सांगणें म्हणजे तिच्या दारावरून पुढें निघून जाणें होय. उलट, सर्व रोगच आहे असें धरून चालणारे लोक बरें करण्याच्या नादानें जमीन विकतात, एकामागून एक न सिद्ध झालेले उपचार करितात, आणि त्या धांवपळींत मुलाचें बालपण संपून जातें. समूळ नाहींसें करील असें औषध आज नाहीं. लवकर ओळखून बोलणें, खेळणें, जेवणें, कपडे घालणें हें धीरानें शिकविलें तर पुष्कळ मुलें पुष्कळ शिकतात. ह्या दोन पक्षांपैकीं कोणता खरा, असें आम्हांस कोणीं विचारिलें तर आम्ही उलट विचारूं कीं कोणत्या मुलाविषयीं विचारतां?

आमच्या वाचकांनीं काय करावें हेंही थोडें सांगितलें पाहिजे. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालीं तपासणी पथकें अंगणवाडींत व शाळेंत येतात. त्यांस मुलाविषयीं उघडपणें सांगावें, म्हणजे तीं जिल्हा रुग्णालयांतील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देतात. 'बापही उशीरा बोलला होता' म्हणून दोन वर्षें दवडूं नयेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत स्वमग्नता व अध्ययन अक्षमता ह्या दोहोंचीं नांवें आहेत, त्यामुळें दाखल्यावर हक्क मिळतात. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांस परीक्षेंत सवलती देण्यास तर महाराष्ट्र सरकारनें १९९६ सालींच आरंभ केला. येथें नांव कागदावर असणें हेंच मुलाच्या उपयोगी पडतें.

आणि उपासनेच्या वेळीं असें मूल ओरडलें किंवा बांकांमधून धांवूं लागलें तर सर्वांनीं माना वळवून त्या आईकडे पाहूं नये. ती येण्याचें सोडते. पुढें तिच्या घरीं जाऊन 'दिसत नाहीं हल्लीं' असें विचारण्यापेक्षां दाराजवळची जागा तिच्यासाठीं राखणें आणि ढोलकी थोडी हळू वाजविणें सोपें आहे.

ह्या सर्व घरांत रात्रीं दिवा मालवल्यावर एक तिसरा प्रश्न उठतो, आणि तो पहिल्या दोहोंहून जड आहे: आमच्या मागें ह्याचें कसें होईल? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें अशा व्यक्तीस अठरा वर्षांनंतरही कायदेशीर पालक नेमून देण्याची सोय केली आहे. त्याचा अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करावयाचा असतो. पण पालक होण्यास माणूस लागतो, आणि तो कायदा देऊं शकत नाहीं. भावंडांवर हें ओझें न विचारतां टाकणें आम्हांस बरें वाटत नाहीं. त्यांस लहानपणापासून सांगत यावें, आणि त्यांच्या लग्नाच्या बोलण्यांतही लपवूं नये.

डॉनल्डचे आईबाप वारल्यावर तो फॉरेस्ट गांवींच आपल्या घरीं एकटा राहिला. मोटार चालवी, गोल्फ खेळे, देशोदेशीं फिरून परत येई. ओळखीच्या माणसांस तो आपल्या मनानें आंकडे देई, आणि आपला आंकडा कोणता तें गांवांतील माणसें जपून ठेवीत. वर्तमानपत्रकार त्याला शोधीत आले तेव्हां एकाहून अधिक गांवकऱ्यांनीं त्यांस बजाविलें कीं ह्या माणसास दुखवाल तर आमच्याशीं गांठ आहे. २०२३ सालीं, एकुणनव्वद वर्षांचा होऊन, तो वारला.

गांवांत त्याची एक आख्यायिका होती. शाळेंत असतां मोठ्या मुलांनीं त्याला विचारिलें कीं ह्या इमारतीस विटा किती? त्यानें नजर टाकून तत्काळ एक आंकडा सांगितला, आणि त्याच्या अलौकिक बुद्धीची कीर्ति पसरली. पत्रकारांनीं म्हातारपणीं त्याला ही गोष्ट विचारिली तेव्हां तो म्हणाला, आंकडा मीं मनचाच सांगितला होता. कां, असें विचारतां त्यानें कारण सांगितलें: त्या मुलांनीं आपल्याला चांगलें म्हणावें असें त्याला वाटत होतें.